डब्यातलं सँडविच ओलं का होतं? कारण शोधायची आणि ते थांबवायची पद्धत

मंगळवारी आणि शुक्रवारी मी डब्यात पोळी-भाजीऐवजी सँडविच देते. मुलीची शाळा सकाळी सातला भरते, छोटी सुट्टी पावणेनऊला. नवरा मुलुंडहून फास्ट लोकलने सीएसएमटीला जातो आणि जागेवर बसल्यावर दहाच्या सुमारास डबा उघडतो. दोघांचे डबे मी सव्वासहाला भरते. गेल्या जूनपासून दोघांची तक्रार एकच होती. मुलगी अर्धं सँडविच परत आणायची, "आई, खालचा ब्रेड डब्याला चिकटला" म्हणायची. नवरा परत आणत नसे, पण चमचा मागून खावं लागलं असं सांगायचा.

मी एकेक गोष्ट बदलत गेले. ब्रेड बदलला, टोमॅटो बंद केला, फॉइल आणली, मग फॉइल सोडली. एखाद्या दिवशी सगळं छान व्हायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लगदा. कधी बिघडायचं आणि कधी नाही, त्यामुळे कारण हाती लागत नव्हतं. उपाय सापडला तो बऱ्याच महिन्यांनी, आणि तोही एक नव्हता, कारण ओल चार वेगवेगळ्या वाटांनी येत होती. एक वाट बंद केली की दुसरी उघडीच असायची. तुमच्याकडे हेच होत असेल तर तुमची वाट कोणती ते आधी शोधा. नाहीतर नुसते ब्रेड बदलत राहाल.

ओल कुठे आहे ते बघा

मी नवऱ्याला सांगितलं, डबा उघडल्या उघडल्या वरची स्लाइस बाजूला करून दोन्ही स्लाइसच्या आतल्या बाजूचा फोटो पाठव, मग खा. दोन आठवड्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं.

स्लाइस मधोमध हिरवी आणि भिजलेली, कडा मात्र कोरड्या, असं असेल तर दोष चटणीचा. कोपरे आणि बाजू ओल्या, डब्याच्या तळाशी पाणी, बीट घातलं असेल तर ते पाणी गुलाबी, असं असेल तर ते भाज्यांना सुटलेलं पाणी. ब्रेड बाहेरून ओलसर, झाकणाच्या आत थेंब, पण आत सगळं ठीक, म्हणजे गरम सँडविच डब्यात कोंडलं गेलं आणि वाफेचं पाणी झालं. ब्रेडवर तेलकट, अर्धपारदर्शक डाग दिसले तर बटर वितळवून लावलं गेलं. आणि पाणी कुठेच नाही, पण ब्रेड वातड झालाय किंवा भुगा होऊन गळतोय, तर ब्रेड ठेवण्यात चूक आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात पहिले दोन दोष एकत्र यायचे आणि थंडीत तिसरा, कारण थंडीत मी हौसेने टोस्ट करून द्यायचे. ऋतूप्रमाणे कारण बदलत होतं, म्हणूनच मी इतकी गोंधळले होते.

गाडीवरचं सँडविच आणि डब्यातलं सँडविच

मुंबईत घरचं सँडविच म्हणजे आपण गाडीवरचंच डोळ्यांसमोर ठेवून करतो. बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. मीही तसंच करत होते. स्टेशनबाहेर एक काका वर्षानुवर्षं गाडी लावतात. त्यांना एकदा सरळ विचारलं, "काका, तुमचं ओलं होत नाही, माझं का होतं?" ते म्हणाले, "ताई, माझं सँडविच पाच मिनिटांत पोटात जातं. बांधून नेणाऱ्याला मी टोमॅटो कमी घालतो आणि वरून चटणी लावत नाही."

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. गाडीवरची कृती हातात घेऊन लगेच खाण्यासाठी घडलेली आहे. पातळ चटणी, थराथरावर मसाला, कडा काढलेला मऊ ब्रेड, सगळं त्या पाच मिनिटांसाठी योग्य. डब्यातल्या सँडविचला अडीच ते चार तास थांबायचं असतं. साहित्य तेच राहू द्या, पण क्रम, मीठ आणि चटणीचा दाटपणा डब्यासाठी वेगळा लागतो.

यामागचं कारण साधं आहे. टोमॅटोत जवळपास ९४-९५ टक्के पाणी असतं, काकडीत ९५-९६ टक्के. पांढऱ्या ब्रेडमध्ये ते ३५-३८ टक्क्यांच्या आसपास. ही दोन्ही एकमेकांना चिकटून तीन-चार तास बसली की पाणी ब्रेडकडे जाणारच. मधे काहीतरी आडवं घालणं आणि मुळात पाणी सुटूच न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

एका रविवारी चार सँडविचं

अंदाज बांधून कंटाळले तेव्हा एका रविवारी एकाच पुड्यातल्या ब्रेडची चार सँडविचं केली. सकाळी साडेसहाला चार सारख्या स्टीलच्या डब्यांत भरली आणि साडेदहाला उघडली.

पहिलं नेहमीचं. दुसऱ्यात काकडी-टोमॅटो अजिबात नाहीत, फक्त बटाटा आणि नेहमीची चटणी. तिसऱ्यात बटर कडेपर्यंत, चटणी दाट, काकडी-टोमॅटो आहेत आणि मसाला नेहमीसारखा प्रत्येक थरावर. चौथं तिसऱ्यासारखंच, पण काकडी-टोमॅटो पुसून कोरडे केलेले आणि मसाला फक्त बटाट्यावर.

पहिल्याचं काय झालं ते सांगायला नको. दुसरं बघून मात्र मी चकित झाले. टोमॅटो नसतानाही मधला भाग हिरवा आणि भिजलेला होता. म्हणजे इतके महिने मी टोमॅटोला दोष देत होते आणि अर्धा दोष चटणीचा होता. तिसऱ्यात ब्रेडचा मधला भाग चांगला राहिला, पण डब्याच्या तळाशी चमचाभर पाणी जमलं होतं आणि ज्या कडेला पाणी साचलं ती कड भिजली होती. चौथं उचललं तेव्हा ते हातात सरळ राहिलं. ब्रेड सकाळइतका ताजा नव्हता, थोडा मऊ पडला होता, पण दोन बोटांत धरून खाता आलं.

तिसऱ्या आणि चौथ्यात मोठा फरक मिठाचा होता. आपल्या आयांना हे कोशिंबिरीतून ठाऊक असतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पानं वाढायच्या वेळी घालतात, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. खमंग काकडी करताना तर चोचवलेल्या काकडीला आधी मीठ लावून मुद्दाम पाणी सोडवतात आणि पिळून काढतात. सँडविच मसाला किंवा चाट मसाला म्हटलं की आपल्या मनात मीठ येत नाही. पण त्यात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतात. तो काकडीवर भुरभुरला की कोशिंबीर सुरू झाली, फक्त ब्रेडच्या आत.

म्हणून मसाला बटाट्यावर घाला. बटाट्याला मीठ लागलं तरी काकडीसारखं पाणी सुटत नाही, उकडल्यावर त्यातल्या पिष्टाने ते धरून ठेवलेलं असतं. खाणाऱ्याला चवीत फरक जाणवत नाही, कारण प्रत्येक घासात बटाटा असतोच.

थर कसे लावायचे

ब्रेडला बटर, बटरवर चटणी, चटणीवर बटाट्याच्या चकत्या, त्यांवर मसाला. मग बीट, मग काकडी, टोमॅटो अगदी मधे. टोमॅटोवर पुन्हा बटाटा किंवा चीजची स्लाइस आणि मग बटर लावलेली दुसरी स्लाइस. ओल्या भाज्या मधे, बटाट्याच्या दोन भिंतींच्या आत. गाडीवर बटाटा एकाच बाजूला असतो. डब्यासाठी तो दोन्ही बाजूंना हवा, मग चकत्या पातळ केल्या तरी चालतं.

बटाटे आदल्या रात्री सालासकट उकडा. कुकरमध्ये जास्त शिट्ट्या झाल्या तर ते फुटतात, पाणी पितात आणि सकाळी चकत्या पडत नाहीत, लगदा होतो. मध्यम बटाट्यांना माझ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या आणि मंद आचेवर पाच मिनिटं पुरतात. कुकर उघडला की पाण्यातून लगेच काढा, रोवळीत निथळू द्या आणि गार झाले की सालासकट फ्रिजमध्ये ठेवा. गार बटाट्याची चकती सुरीला न चिकटता, कागदासारखी निघते. गरम बटाटा घातला तर त्याची वाफ तुम्ही ब्रेडच्या आतच कोंडता.

टोमॅटो कडक, थोडा कच्चट घ्या. आडवा कापून बियांभोवतीचा बुळबुळीत गर चमच्याने काढून टाका, सगळ्यात सैल पाणी तिथेच असतं. चकत्या आणि काकडी सुती पंचावर पाच मिनिटं पसरून वरून दाबून टिपा. बीटही तसंच टिपायचं. एवढा एक बदल जरी केलात तरी पहिल्याच दिवशी फरक दिसेल.

कांद्याबद्दल माझं मत ठाम आहे: डब्यात नको. त्याला पाणीही सुटतं आणि चार तासांनी त्याचा वास वर्गभर पसरतो. कुरकुरीतपणा हवा असेल तर ढोबळी मिरचीचे पातळ काप घाला, त्यांना पाणी खूपच कमी सुटतं.

बटर हे पाण्याला आडवं घातलेलं आवरण आहे

बटर चवीसाठी लावतात असं मी समजत होते, म्हणून मधे थोडंसं फासून सोडून द्यायचे. खरं तर ते ब्रेडचा रेनकोट आहे. पिवळ्या टेबल बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के स्निग्धांश असतो. तो ब्रेडच्या छिद्रांवर बसला की पाणी आत शिरायला वाट मिळत नाही. पण रेनकोटला भोक असून चालत नाही. बटर दोन्ही स्लाइसना, चारही कोपऱ्यांपर्यंत, अखंड लागलं पाहिजे. जिथे बोटभर कड कोरडी राहते तिथूनच भिजायला सुरुवात होते. फोटोत मला हेच दिसलं होतं, कोपरे आधी जात होते.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. घाईत मी फ्रिजमधलं घट्ट बटर वाटीत घालून गॅसवर पातळ करायचे आणि ब्रशने लावायचे. बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. घट्ट बटरमध्ये ते पाणी बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धांशात अडकलेलं असतं. वितळलं की दोन्ही वेगळी होतात आणि दोन्ही ब्रेडमध्ये मुरतात. आवरण उरतच नाही. आता मी रात्री झोपताना लागेल तेवढं बटर वाटीत काढून ओट्यावर झाकून ठेवते. मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत ते बरोबर लोण्यासारखं होतं. विसरलात तर घट्ट बटर किसणीवर किसा, पाच मिनिटांत लावण्यासारखं होतं.

घरचं लोणी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. घरच्या लोण्यात ताकाचं पाणी बरंच राहून जातं. गार पाण्यात धुऊन, हाताने दाबून पाणी काढल्याशिवाय ते डब्याच्या सँडविचला वापरू नका. त्यात मीठही नसतं, तेव्हा बटाट्यावरचा मसाला थोडा वाढवा.

चटणी

चटणी इतकी दाट हवी की चमचा उलटा केला तर पडू नये. दुसरी परीक्षा जास्त खात्रीची: ताटलीवर चमचाभर चटणी ठेवा आणि पाच मिनिटांनी बघा. कडेने पाण्याचं वर्तुळ दिसलं तर ही चटणी घरी ढोकळ्याबरोबर खा, डब्यात घालू नका.

चार सँडविचांसाठी माझं प्रमाण असं आहे. दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं मिक्सरच्या लहान भांड्यात आधी कोरडंच बारीक करायचं. मग त्यात वाटीभर कोथिंबीर कोवळ्या काड्यांसकट, पाव वाटी पुदिन्याची पानं, दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि थोडं जिरं. पाणी आधी घालायचं नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, कडेचं खाली ढकलायचं, अगदीच अडलं तर एक चमचा गार पाणी. डाळ्याची पूड पालेभाजीचं पाणी शोषून घेते आणि चटणी एकजीव राहते. मीठ अगदी कमी, कारण बटरमध्ये असतं आणि मसाल्यातही. ओलं खोबरं या चटणीत मी घालत नाही, आपल्या उकाड्यात ते फार लवकर खराब होतं.

कोथिंबीर धुऊन लगेच मिक्सरला लावली तर पानांवरचं पाणीच चटणी पातळ करायला पुरतं. जुलैत जुडी चिखलाने भरलेली येते, तीन-तीन पाण्यांत धुवावी लागते, मग तर जास्तच. मी ती संध्याकाळी धुऊन पंचावर पसरून ठेवते.

चटणी काळपट पडते ही तक्रार बऱ्याच जणींकडून ऐकली. हिरव्या पानांतलं हरितद्रव्य आंबटात जास्त वेळ राहिलं की त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मेंदीसारखा होतो. मिक्सरची उष्णता त्यात भर घालते. म्हणून रात्री वाटायची असेल तर लिंबाशिवाय वाटा, लहान डबीत काठोकाठ भरा म्हणजे वर हवा राहत नाही, आणि लिंबू सकाळी पिळा. अर्ध्या लिंबाचा रस पुरतो. कडवट लागत असेल तर पुदिन्याच्या जाड काड्या गेल्या असतील किंवा मिक्सर फार वेळ फिरला असेल.

बर्फाच्या ट्रेमध्ये चटणी गोठवून ठेवायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. भेळेला ती चांगलीच. पण गोठून सुटलेल्या चटणीला पाणी सुटतं, डब्याच्या सँडविचला ती चालत नाही.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बाहेर ठेवलेल्या ब्रेडला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्या भीतीने आपण तो फ्रिजमध्ये ठेवतो. बुरशी थांबते, पण ब्रेडमधलं पिष्ट फ्रिजच्या तापमानाला सर्वांत लवकर घट्ट होतं. त्याने ब्रेड कोरडा आणि भुगाळ होतो, सुरी लावली की तुटतो. ज्यांच्या फोटोत पाणी नाही पण ब्रेड गळतोय त्यांनी इथे लक्ष द्यावं.

दोन दिवसांत संपणार असेल तर ब्रेड ओट्यावर, पुडा घट्ट बांधून ठेवा. नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये. फ्रीजरमध्ये ती प्रक्रिया जवळपास थांबते. लागतील तेवढ्या स्लाइस रात्री एका पिशवीत घालून, तोंड बंद करून बाहेर काढा. पिशवीचं तोंड बंद हवंच. उघड्या गार स्लाइसवर आपल्या दमट हवेचं दव जमतं आणि सकाळी तुम्ही आधीच ओलसर ब्रेडपासून सुरुवात करता. पिशवी बंद असेल तर दव पिशवीच्या बाहेरून जमतं.

अगदी ताजा, त्याच दिवशीचा ब्रेड डब्याला तितकासा चांगला नाही. तो फार मऊ असतो, दाबला की बसतो. एक दिवस जुना उत्तम. कडा कापू नका, त्या बाजूने भिंतीसारख्या उभ्या राहतात. मुलांना आवडत नसतील तर खाताना काढून ठेवू द्या. सँडविचचे तुकडेही कमीत कमी करा, दोनच. प्रत्येक कापाने आतली ओल बाहेर यायला नवी वाट मिळते. कापायला दातेरी सुरी घ्या आणि दाबू नका, करवतीसारखी ओढा.

टोस्ट करून द्यायचं असेल तर

इथे चूक वेळेची असते. चिमट्याच्या टोस्टरमधून काढलेलं गरम सँडविच आपण फॉइलमध्ये गुंडाळतो, डब्यात घालतो, झाकण लावतो. ब्रेडमधून निघणाऱ्या वाफेला बाहेर जायला जागा नसते. झाकणाला थेंब, ते खाली टपकतात आणि कुरकुरीत टोस्ट सादळलेल्या पापडासारखा होतो. पोळ्या ठेवायची जाळी असेल तर तिच्यावर, नसेल तर दोन सँडविचं तंबूसारखी एकमेकांना टेकवून उभी करून दहा ते पंधरा मिनिटं गार होऊ द्या. ताटलीवर आडवं ठेवलं तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने ओली होते. सकाळी पंधरा मिनिटं म्हणजे पुष्कळ, हे मला कळतं. म्हणून मी टोस्टचं काम सगळ्यात आधी करते आणि तेवढ्यात वेणी घालते, पाण्याच्या बाटल्या भरते.

याहून चांगली पद्धत मला नंतर सापडली. स्लाइस भरण्याआधीच कोरड्या तव्यावर एका बाजूने भाजायच्या, गार करायच्या आणि भाजलेली बाजू आत ठेवून तिच्यावर बटर लावायचं. भाजलेला पापुद्रा आणि बटर, असे दोन अडसर मिळतात. दोन स्लाइस गार व्हायला चार मिनिटं पुरतात.

गुंडाळायला बटर पेपर आणि त्यावर सुती रुमाल. वर्तमानपत्र नको, छपाईची शाई अन्नाला लागते. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाईच आहे. डबा सँडविचच्या मापाचा हवा, पण ठासून भरलेला नको. झाकणाचा दाब पडला की टोमॅटोचं पाणी पिळून निघतं. दप्तरात डबा उभा राहत असेल तर तो आडवा बसेल अशी जागा करा. आमच्या फोटोंत एकच कड भिजायची त्याचं अर्धं कारण हेच होतं.

हे ओलेपणापेक्षा महत्त्वाचं

सँडविच कोरडं राहिलं म्हणजे ते सुरक्षित राहिलं असं नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, हा अन्नसुरक्षेचा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. उकडलेला बटाटा यात येतो. अंडं, चिकन, पनीर आणि मेयोनीज तर येतातच. एप्रिल-मेच्या मुंबईत भरलेल्या लोकलमध्ये डबा काय सोसतो ते आपण जाणतो.

म्हणून मी बाराही महिने डब्याच्या पिशवीत आइस पॅक घालते. तो रुमालात गुंडाळून डब्याच्या खाली ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर जमणारं दव डब्याला लागत नाही. नवरा ऑफिसात पोचल्या पोचल्या डबा तिथल्या फ्रिजमध्ये ठेवतो. ज्या दिवशी आइस पॅक गोठवायचा राहतो त्या दिवशी मी बटाट्याचं सँडविच देतच नाही. तेव्हा शेंगदाण्याची दाट कोरडी चटणी आणि बटर, किंवा बटर-जॅम. अंड्याचं सँडविच आमच्याकडे फक्त घरी, तव्यावरून थेट ताटात.

उरलेलं, थोडक्यात

टोस्टरला चिकटतं? टोस्टर रिकामा तापवून घ्या, बटर ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि चीज कडेपासून बोटभर आत ठेवा. बाहेर करपतं आणि आत गार राहतं? आच मंद करा, बटाटा फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. बीटाने ब्रेड रंगतो? बीट दोन बटाट्यांच्या मधे घाला. मोठ्या माणसांच्या डब्यात काकडी-टोमॅटो वेगळ्या लहान डबीत देता येतात, खाताना घालून घ्यायचे. मुलांना हे सांगू नका, सुट्टी दहा मिनिटांची असते.

शुक्रवारी कधी मी ब्रेडऐवजी बेकरीचा कडक पाव देते. त्याचं कवच जाड असल्यामुळे ओल बाहेरपर्यंत पोचायला वेळ लागतो. आतल्या बाजूला बटर मात्र तितकंच काळजीपूर्वक लावावं लागतं.

आणि इतकं करूनही एखाद्या रविवारी घरी ठेवलेलं सँडविच ओलं झालंच, तर टाकू नका. उघडा, टोमॅटो-काकडी काढून बाजूला ठेवा, सँडविच पुन्हा बंद करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं ठेवा. झाकण घालू नका आणि उलथन्याने दाबू नका. ब्रेडमधलं पाणी वाफ होऊन जातं, बाहेरचा पापुद्रा परत धरतो आणि बाजूला ठेवलेले टोमॅटो मग वरून मीठ लावून खाता येतात.